फणीची नक्षी

आमच्याकडे कागदाच्या कोपऱ्याला फार मान. शुभकार्याचा कागद असला की कोपऱ्यांना हळदकुंकू लावतात आणि कुणी गेल्याचा असला की एक कोपरा फाडून धाडतात. कोपरा नसलेला कागद उंबऱ्याच्या आत न्यायचा नाही. कुणी वाचणारा असेल तर अंगणात उभं राहून वाचून घ्यायचा, नसेल तर कुठल्या गावाहून आला त्यावरून समजून जायचं, कागद फाडून टाकायचा, अंघोळ करायची आणि निघायचं. हे मला तेराव्या वर्षी पक्कं ठाऊक होतं. तरीसुद्धा मी तो घोटाळा केला, आणि तो घोटाळा अडाणीपणानं नाही, शहाणपणाच्या मस्तीनं केला.

लढाई चालू होती. रॉकेल, कापड, साखर सगळं कंट्रोलवर. त्यात माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न वैशाखात ठरलं. नवरा मुलगा कल्याणला रेल्वेत चिकटलेला, त्यामुळे त्यांच्याकडची मंडळी जरा शहरी वळणाची. त्यांनी सांगून पाठवलं, नुसत्या अक्षता नकोत, पत्रिका हव्यात. कल्याणचा छापखाना म्हणाला, कागद नाही. बा कपाळाला हात लावून बसला, आणि मी मध्येच बोलले, "मी करते पत्रिका."

मी दोघी बहिणींतली धाकटी आणि भारी आगाऊ. सापगावच्या वाटेवरच्या आमच्या गावातून रोज शहापूरला शाळेत जायची. तिथल्या मास्तरीणबाईंनी आम्हां चार मुलींना नक्षीचे कागद करायला शिकवलं होतं. सामान सगळं घरातलं. शाईच्या वड्या पाण्यात विरघळवायच्या, ओल्या कागदावर सोडायच्या आणि वर जाडं मीठ भुरभुरायचं. मीठ शाई पिऊन घेतं आणि कागदावर चांदण्या उमटतात. रिठ्याच्या फेसात शाई कालवून तो फेस कागदावर टेकवला की बुडबुड्यांची जाळी उठते. पण सगळ्यात देखणी फणीची नक्षी. तांदळाच्या कण्या शिजवून, गाळून दाट खळ करायची, त्यात शाई मिसळायची, ती कागदावर सारवायची आणि ओली आहे तोवर लाकडी फणी लाटांसारखी ओढत न्यायची. दातांच्या रेघा पांढऱ्या उमटतात आणि मधली खळ जाड, निळीकाळी वाळते. मध्यभागी मजकुरासाठी पांढरा कागद डकवला की झाली पत्रिका.

मास्तरीणबाईंनी एक गोष्ट बजावून सांगितली होती. "खळीत मोरचूद घालायला विसरू नकोस. नाहीतर तांदूळ आहे, झुरळं-उंदीर सोडत नाहीत." मी घालून पाहिला. माझा निळा रंग हिरवट झाला, शेवाळलेल्या पाण्यासारखा. मला तो आवडला नाही. मोरचूद मी परत पुडीत बांधून ठेवला.

कापडाच्या ताग्यांतले पुठ्ठे दुकानातून मागून आणले, मास्तरीणबाईंनी वह्यांची कोरी पानं दिली आणि मी पडवीत पसारा मांडला. आई येता-जाता बघायची. एकदा थांबून म्हणाली, "लग्नाच्या कागदाला काळं कनाला गो? हळद तरी घाल."

"काळं नाय, निळं हाय. आनि हळद उन्हात उडते."

"मंग कोपऱ्याला बोटभर कुंकू तरी लाव."

"शेवटी लावीन," मी म्हणाले. खरं सांगायचं तर मला लावायचं नव्हतं. इतक्या मेहनतीनं काढलेल्या रेघांवर तेलकट लाल बोट कोण फासणार? हे मी आईला बोलले नाही, पण मनात तेच होतं.

आता मामाचं सांगते, कारण सगळं अडलं होतं ते मामाशी. मामा आईचा धाकटा भाऊ. आईनंच त्याला कडेवर वाढवलेला. मुरबाडच्या पुढे म्हसा देवस्थानाच्या वाटेवर त्याचं गाव. सहा वर्षांपूर्वी आमच्या काकाच्या लग्नात त्याला पहिल्या पंगतीला बसवायचं राहून गेलं. दुसऱ्या पंगतीचं पान त्याच्यापुढे आलं तेव्हा तो काहीतरी बोलला. बा म्हणाला, "ज्याला जेवायचं नाय त्यानं उठावं." मामा पानावरून उठला तो थेट आपल्या गावी. त्यानंतर तो आला नाही आणि बानं आईला माहेरी पाठवलं नाही. दोघं सारखेच. एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं.

ह्या सहा वर्षांत आईनं भावाचं नाव घरात काढलं नाही. मामानं म्हशाच्या यात्रेतून आणून दिलेली शिसवी फणी तेवढी ती रोज वापरायची. दुसरी कुठली फणी केसांना लावायची नाही.

नवरीला मांडवात आणायची ती मामानं. ताई तशी गरीब गाय, पण ह्या बाबतीत तिनं पाय रोवला. बासमोर उभी राहून म्हणाली, "मामा आल्याबिगर मी मांडवात पाऊल टाकनार नाय." आई चुलीकडे तोंड करून बसली होती, ती वळली नाही. बा उठून दारापर्यंत गेला. मग म्हणाला, "कागद धाडू. आला तर आला. मी काय त्याच्या दारात जानार नाय."

मामाला नुसता कागद धाडायचा हाच मुळात अपमान. त्याला अक्षत घेऊन घरी जाऊन बोलवायचं असतं. म्हणजे जे काही करायचं ते माझ्या कागदानंच करायचं होतं. मला वाटलं, पत्रिका अशी करावी की ती बघून मामाच्या रागाचं पाणी होईल. त्याच्या पत्रिकेला मी खळ दोनदा चढवली, साईसारखी जाड. आणि मास्तरीणबाईंची फणी न घेता आईची शिसवी फणी मागून घेतली. आईनं कशाला म्हणून विचारलं नाही, केसांतून काढून हातात दिली. त्या फणीचा एक दात मोडका होता, त्यामुळे प्रत्येक ओढीत एक पट्टी रुंद राहायची. मला वाटायचं, मामा ती पट्टी ओळखेल. तशी पत्रिका मी पुन्हा आयुष्यात केली नाही. फणी मात्र शाईनं निळी झाली ती झालीच.

वाळलेल्या पत्रिका वाकू नयेत म्हणून मी त्यांची चळत पडवीत भाताच्या पोत्यांमध्ये दाबून ठेवली. मामाची सगळ्यांत वर. उंदीर भाताच्या पोत्यापाशी नसतील तर कुठे असतील? पण तेव्हा माझी अक्कल नक्षीत गुंतली होती.

मामाची पत्रिका ज्याच्याबरोबर धाडायची तो गाडीवाला मुरबाडच्या बाजाराला दोन दिवसांनी जाणार होता. तो एक दिवस आधीच निघाला. मी नदीवर धुणं घेऊन गेले होते, तेव्हा झुंजूमुंजू व्हायला लागलं होतं. दारात गाडी थांबली, गाडीवाल्यानं हाक मारली आणि बानं चळतीवरची पत्रिका काढून न बघताच पंच्यात गुंडाळून दिली. त्याला त्या कागदाकडे बघायचंसुद्धा नव्हतं. मुरबाडला एका तेलाच्या दुकानात ठेवायची आणि मामाच्या गावचं कुणी आलं की त्यानं पुढे न्यायची, असं ठरलं होतं. मी परत आले तेव्हा गाडी गावाच्या बाहेर पडली होती. मनात म्हटलं, बरं झालं, कुंकू लावायचं टळलं.

दुपारी बाकीच्या पत्रिका काढायला पोतं हलवलं. वरच्या पाच-सहांचा एकेक कोपरा गायब. नेमका तो कोपरा, जिथे फणी उचलताना खळ साचते. कुरतडलेलाही वाटत नव्हता, सरळ तिरका गेलेला, हातानं फाडल्यासारखा. आणि चळतीत मामाची सगळ्यांत वर होती.

काळा कागद, कुंकू नाही, कोपरा नाही. मामाला वाचता येत नव्हतं. त्यांच्या गावच्या शाळेचा मास्तर सुट्टीत आपल्या गावी गेलेला असणार. शहापूरकडून आलं एवढंच सांगून कुणीतरी तो कागद मामाच्या अंगणात देणार. शहापूरकडे त्याचं दुसरं होतं कोण?

मी कुणाला सांगितलं नाही. कात्री घेतली आणि उरलेल्या सगळ्या पत्रिकांचे चारही कोपरे गोल कापले, म्हणजे ती तशीच पद्धत वाटावी. मग प्रत्येक कोपऱ्याला कुंकू लावलं. बोटं नक्षीवर जात होती, आणि आता मला नक्षीचं काही वाटत नव्हतं. आई म्हणाली, "आता कशी शहाणी झालीस." ताईनं एक पत्रिका हातात घेऊन विचारलं, "मामाचीबी अशीच केलीस ना?" मी हो म्हटलं. तेवढं एक खोटं मला सबंध दिवस गिळता आलं नाही. कधी वाटे, उंदरानं मामाची सोडली असेल. कधी वाटे, मामी आत्ता बोंब ठोकत असेल. गाडीमागे धावत जावं असंही मनात आलं, पण मुरबाडकडे जाताना लागणाऱ्या किन्हवलीच्या पुढची वाट मी पाहिलेलीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शेतावर गेले. बा राब भाजत होता. पालापाचोळा नि शेण वाफ्यावर पसरून पेटवलेलं, सगळीकडे धूर. धुरातच मी त्याला सगळं सांगितलं. मोरचुदाचं, कुंकवाचं, उंदराचं, काही ठेवलं नाही. मार खायच्या तयारीनं उभी होते.

बानं हात उचलला नाही. हातातली काठी खाली ठेवली आणि विचारलं, "म्हंजे त्याला वाटंल कोन गेलं?"

दोघांनाही माहीत होतं.

"तिला बोलू नको," तो म्हणाला. आग विझायची वाटसुद्धा पाहिली नाही. घरी आला, पाय धुतले, देवापुढची अक्षत पदराला बांधावी तशी उपरण्याच्या टोकाला बांधली आणि आईला म्हणाला, "मुरबाडला जाऊन येतो." सहा वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून मामाकडच्या वाटेचं नाव निघालं. आई बघतच राहिली. तिला वाटलं, देव पावला. मला तिच्या तोंडाकडे बघवेना.

तो जवळच्या पायवाटेनं जंगलातून गेला. तिथेच चुकलं. मामा गाडीरस्त्यानं निघाला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी आई अंगणात लग्नाचे तांदूळ पाखडत होती. ताई आणि मी निवडत बसलो होतो. शिवेकडून रडणं ऐकू आलं. मयताला येणाऱ्या बायका गावाची शीव लागली की गळा काढतात, तसं रडणं. आईचं सूप थांबलं. तिनं कान दिला आणि तिचा चेहरा पांढरा पडला. सहा वर्षं झाली तरी भावजयीचा आवाज ती विसरली नव्हती.

"माझा भाऊ गेला गो," एवढंच बोलली आणि सूप टाकून धावत सुटली. तांदूळ सगळ्या अंगणात झाले. मी मागे धावत होते आणि ओरडत होते, "आई, तसं नाय, आई, ऐक!" पण ती छाती बडवत पळत होती आणि माझा आवाज तिला पोहोचत नव्हता. बायका दारादारांतून बाहेर आल्या.

वेशीपाशी मामी रडत येत होती, पदर तोंडावर. तिच्या मागे मामा, बोडका, डोळे सुजलेले, अनवाणी. समोरून आई. दोघं एकमेकांच्या चार हातांवर येऊन थांबली. मामी किंचाळली. मामा मातीत खाली बसला.

"बाय," तो म्हणाला, "तू हायस?"

"हाय रे. आनि तू?"

"कोपरा नव्हता," तो म्हणाला. "कागदाला कोपरा नव्हता."

माझ्यावर सगळ्यांच्या नजरा वळायच्या आत मीच पुढे झाले आणि रडत सांगितलं. उंदरानं खाल्ला. लग्नाची पत्रिका होती. ताईचं लग्न आहे. हे ऐकलं आणि मामा हळूहळू उभा राहिला. त्याचा चेहरा बदलताना मला दिसला. सहा वर्षांचा राग परत त्याच्या अंगात चढत होता.

"लग्नाचा कागद होता," तो म्हणाला. "आनि अक्षत कुठं हाय? तुझा नवरा कुठं हाय? कागदावर बोलवायला मी काय परका?" तो मामीकडे वळला. "चल. बाय जिती हाय, बघितलं. चल माघारी."

ताई तिथेच उभी होती. मामानं चार पावलं टाकलीसुद्धा.

आई जागची हलली नाही. आवाजही चढवला नाही. "मी मेली म्हून अनवानी धावत आलास," ती म्हणाली. "जिती हाय तर माघारी जातोस. मंग माझं मरनंच बरं होतं रे तुला."

मामा पाठमोरा उभा राहिला. मी मनात म्हणत होते, जाऊ नकोस, जाऊ नकोस, मला पाहिजे तर मार. मग तो वळला. त्यानं आईकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"पानी आन गो," तो म्हणाला.

मी घरापर्यंत कशी धावले मला आठवत नाही. तांब्या अर्धा सांडला होता. मामा उरलेलं सगळं प्याला आणि आमच्या घराकडे चालू लागला.

बा चौथ्या दिवशी आला. मामाच्या दाराला कडी दिसली, शेजाऱ्यांनी सांगितलं की तो बहिणीच्या मयताला गेला, तेव्हा त्यानं बंद दाराच्या उंबऱ्यावर अक्षत ठेवली आणि परत फिरला. पायांना फोड आले होते. ओटीवर मामाला बसलेला पाहून तो म्हणाला, "तुझ्या उंबऱ्यावर अक्षत हाय. उंदरानं खाल्ली नसंल तर." मामा आधी हसला, मग बा. लग्नात मामानं ताईला मांडवात आणली आणि पहिल्या पंगतीत पहिल्या पानावर बसला.

माझी ती पत्रिका कुणी पाहिलीच नाही. मामीनं ती उंबऱ्याबाहेरच फाडून ओढ्यात टाकली होती. माझ्या सगळ्या नक्षीनं जे झालं नसतं ते एका उंदरानं करून ठेवलं. मामा मला तेव्हापासून चित्तारीण म्हणायला लागला. दर दिवाळीला मी त्याला नक्षीचा कागद धाडायची, मोरचूद घालून, कुंकू लावून, आणि तो निरोप पाठवायचा, "चित्तारणीला सांगा, कोपरे मोजून घेतले."

स्वातंत्र्य आलं त्याच वर्षी पौषात म्हशाच्या यात्रेत बा आणि मामा भेटले. बा त्याला म्हणाला, "धाकटीचं जमतंय. पत्रिका येईल." यात्रेहून परतल्यावर आठवड्याभरात आईला ताप भरला आणि चौथ्या दिवशी ती गेली. बा भिंतीला टेकून बसला तो उठेना. ताई कल्याणला. कार्ड मीच लिहिलं आणि डाकेत टाकलं.

कार्ड मामाला पोहोचलं. मामी म्हणाली होती, आधी कुणाकडून वाचून घ्या. हे तिनं मला मागाहून सांगितलं. मामा म्हणाला, "मागं न वाचता रडलो. आता न वाचता हसतो." शेतावरचं काम उरकून, नवा फेटा बांधून तो सावकाश निघाला.

मी ओटीवर बसले होते. तो अंगणात आला तोच हसत. ते कार्ड त्यानं फेट्यात खोवलं होतं आणि हातात यात्रेतून घेतलेली नवी शिसवी फणी होती, आईसाठी. जुनी मी निळी केली होती ना. फेट्यातलं कार्ड काढून त्यानं माझ्यासमोर धरलं.

"काय गो चित्तारीण, कुंकू परत विसरलीस. आनि बघ, परत जेवला तुझा उंदीर."

"मामा," मी म्हणाले, "तो कोपरा मी फाडलाय."